डाव्या हाताची तक्रार

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता वळतो का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत (हे वाक्य सवयीने आधीच लिहून बसलो, आता खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देतो). फोन तुम्ही कपाटात ठेवता, म्हणून हे पत्र.

तुमचं मशीनवरच्या खेळांचं दुकान बंद झालं तेव्हा तुम्ही बाबांना दिलेलं पिनबॉलचं मशीन अजून बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या जागेवर आहे. चार वाजले की बाबा खेळायला उभे राहतात. चेंडू वर टोलवणाऱ्या त्या दोन दांड्यांना म्हणे फ्लिपर म्हणतात, पण तुम्ही पहिल्याच दिवशी 'हा डावा हात, हा उजवा हात' असं शिकवलंत आणि घरात तेच नाव रुळलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तीन आठवड्यांपूर्वी बाबा म्हणाले, "डावा हात कमजोर झालाय रे, जोरच लागत नाही." मी लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतला. तुमचा सूचनांचा कागद समोर धरून काच काढली, चेंडू पुसले, फळी उचलून आत डोकं घातलं. पानाच्या शेवटी लिहिलं होतं, 'हाताच्या सांध्यात तेल'. मी अर्धी बाटली ओतली. पान उलटल्यावर पुढचे दोन शब्द दिसले, 'अजिबात नको'. (काका, एवढं वाक्य तरी एका पानावर मावेल असं बघायचं!) मग चार दिवस ते तेल आणि त्यात कालवलेली काळी धूळ स्पिरिटने पुसण्यात गेले. कॉइलमधली प्लॅस्टिकची नळी बदलली, स्प्रिंग बदलली, बटणामागच्या पितळी पट्ट्या घासून लख्ख केल्या. बटण दाबलं, तर चेंडू सुसाट वर जाऊन घंटा वाजवून आला. बाबांना हाक मारली. त्यांनी दाबलं, चेंडू कंटाळल्यासारखा वीतभर वर गेला आणि भोकात पडला. मी दाबलं, घंटा. बाबांनी दाबलं, भोक. हिने (तुमच्या सूनबाईने) दाबलं, तर दोन घंटा! मशीन माणसं ओळखतं की काय, अशी मला शंका येऊ लागली. म्हणून एका रविवारी डाव्या हाताचे सगळे भाग उजवीकडे आणि उजव्याचे डावीकडे बसवले (एक स्क्रू उरला, तो कुठला असेल ते कळवा). तरी बाबा खेळले की डावाच हात ढिला. माझं डोकं चालेनासं झालं.

ही वाळलेले कपडे घेऊन चालली होती, ती थांबली आणि म्हणाली, "अहो, मशीनच्या पोटात काय बघताय? बाबांच्या बोटांकडे बघा." बघितलं. बोटं बटणावर नुसती टेकत होती, आतल्या पट्ट्या धड जुळतच नव्हत्या. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी विचारलं, "बाबा, तुम्ही इतके दिवस कोणत्या हाताबद्दल सांगत होता?" ते म्हणाले, "डाव्या. कितीदा सांगू?" म्हणजे मशीनच्या की स्वतःच्या, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांना तरी कळलंय का, तेही ठाऊक नाही. काका, मी फार घाबरलोय.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा गोंधळलेला पुतण्या

ता. क. डॉक्टरांकडे चला म्हटलं की बाबा म्हणतात, आधी मशीनमध्ये दोष नाही हे दाखव, मग माझ्यात शोध. तेलाच्या प्रकरणापासून माझ्या शब्दाला घरात किंमत नाही. तुम्ही पडलात मेकॅनिक, तुमचं ते ऐकतील. मिळेल त्या गाडीने या, आत डोकावल्यासारखं करा आणि 'मशीन ठणठणीत आहे' एवढंच म्हणा. नसलं तरी म्हणा.

आणखी एक. पाकिटावरचा पत्ता बाबांनी हट्टाने स्वतः लिहिला आहे. डावखुऱ्या माणसाला 'उजव्या हाताने लिहा' म्हणायची माझी छाती झाली नाही. चार ओळींना अर्धा तास लागला. अक्षर तुमच्या भावाचंच आहे, तुम्हाला ओळखू येणार नाही म्हणून मुद्दाम कळवतो.