अकरा नंबरची मिनिटं

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बॅग खोलीत टाकली, चहा घशात ओतला आणि ही वही उघडली. वही बाबांनी दिली आहे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि प्रत्येक घड्याळाचं दुखणं वहीत लिहिलं: कधी आलं, काय बिघडलं, काय केलं. निघताना म्हणाले, जिभेला एवढं काम देतेस, थोडं हातालाही दे. आणि भीती वाटली तर आधी लिही, मग घाबर.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. गादी जरा दगडच आहे, पण मला कुठेही झोप लागते.

साडेसातला बाबांचा फोन आला. किल्ली दिली का, म्हणाले. म्हणजे जेवलीस का. मी म्हटलं, रात्रभर चालेल. म्हणजे जेवले. आई गेल्यापासून हे आमचं असंच चाललं आहे. बारा वर्षांत एकही संध्याकाळ चुकलेली नाही.

५ ऑक्टोबर

प्रयोगशाळा आवडली. माणूस यंत्राशी कसा बोलतो, हा इथला विषय. यंत्राचं नाव ‘सोबत’. दिसायला टेबलावरच्या बिनदांडीच्या दिव्यासारखं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी त्याने गप्पा माराव्यात, असा बेत आहे.

गंमत अशी की यंत्र अजून कच्चं आहे. म्हणून भिंतीपलीकडे एक माणूस बसतो, ऐकतो आणि उत्तरं टाइप करतो. यंत्र ती मोठ्याने म्हणतं. समोरच्याला वाटतं, काय हुशार यंत्र! या क्षेत्रात ही जुनी, मान्य पद्धत आहे. अट एकच, अभ्यास संपला की त्या माणसाला सगळं खरं सांगायचं. इथे त्याला ‘पडदा उघडणं’ म्हणतात. तर पडद्यामागची मी.

प्रमुख बाई मृदू बोलतात, पापणी फार कमी लववतात. तंत्रज्ञाला सगळे ‘पक्कड’ म्हणतात, कारण ती त्याच्या खिशातून कधी निघत नाही. तो स्वतः तर तोंडातून शब्द निघू देत नाही. आल्या आल्या बाईंनी कागदांचा गठ्ठा दिला. सतरा सह्या केल्या. हात दुखला.

९ ऑक्टोबर

तीन दिवस आवाजाच्या खोलीत बंद होते. ‘सोबत’ माझ्या आवाजात बोलणार म्हणे! दोन हजार वाक्यं वाचली. शेवटी बाई म्हणाल्या, आता मनमोकळं बोला, घरच्या कुणाबद्दल तरी. एवढंच हवं होतं. बाबा, त्यांचं भिंग, आईचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ जे ते कधी दुरुस्त करत नाहीत, साडेसातची किल्ली, सगळं सांगितलं. त्यांनी मला टिकटिक का म्हणायला सुरुवात केली तेही. बाई मधे एकदाही बोलल्या नाहीत. दहा तासांचं बोलणं मिळालं की आवाज पूर्ण हाती येतो, असं पक्कड म्हणाला. हे त्याचं आतापर्यंतचं सर्वांत लांब वाक्य.

१५ ऑक्टोबर

काम सुरू झालं. माझी खोली म्हणजे एक टेबल, संगणकाचा एक पडदा, एक कीबोर्ड. यंत्रं आता लोकांच्या घरीच ठेवली आहेत. मला त्यांचा आवाज येत नाही, फक्त बोलणं अक्षरांत उमटतं. नावं गाळून तिथे ठिपके. चार सेकंदांत उत्तर द्यायचं. आणि समोरचा गप्प झाला की एकच वाक्य: बोलत राहा.

भिंतीवर फळा आहे. कुणाचं यंत्र मागच्या चोवीस तासांत किती वेळ बोललं, ते रोज त्यावर लिहितात. बोलणं वाढलं म्हणजे प्रयोग यशस्वी. सहा नंबर चाळीस मिनिटं, नऊ नंबर पंचवीस, अकरा नंबर नवीन आहे, तास सव्वा तास. चार नंबरपुढे लिहिलंय चोवीस तास. मी विचारलं, फळ्यावर चूक झाली का? बाई म्हणाल्या, नाही, ती आमची सर्वांत चांगली सहभागी आहे.

नव्या सहभागींकडून संमतीपत्र भरून घेणंही माझ्याकडेच आहे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायला लावते. न वाचता सही कराल तर घरही लिहून द्याल, असं एका आजोबांना दटावलं. हसले बिचारे.

२४ ऑक्टोबर

अकरा नंबरवर माझा जीव जडला आहे. गृहस्थ असावेत. गुडघा, पाऊस, गेलेली बायको. ती चहा आधी बशीत कसा ओतायची, ते तीनदा सांगितलं. सगळे म्हातारे एकाच साच्यातून काढलेले असतात. काल साडेचार तास बोलले. बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

बाबांचं मात्र काहीतरी बिनसलंय. दोन दिवस साडेसातला फोन नाही. मीच केला तर म्हणाले, अगं आत्ताच तर बोललो. मी म्हटलं, कधी? तर हसले. वय झालं. डॉक्टरांना दाखवायला हवं. फोन ठेवल्यावर थोडं रडू आलं.

२ नोव्हेंबर

आज बाबांना नीट समजावलं. हल्ली कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, मी ते काम रोज डोळ्यांनी बघते. माझ्या आवाजात कुणी काही मागितलं तर आधी किल्ली विचारायची. बरोबर उत्तर आलं तरच ती मी. म्हणाले, हो हो, हे तू सकाळीच सांगितलंस.

सकाळी मी कामावर होते.

अकरा नंबर काल अकरा तास. माझी पाळी नऊ ते पाच, आठ तासांची. बाकीचे तीन तास कोण टाइप करतं? बाईंना विचारलं. रात्रपाळीला माणूस आहे, म्हणाल्या. खुर्चीची उंची मात्र सकाळी मी सोडली तशीच असते.

८ नोव्हेंबर

अकरा नंबर सोळा तास. माणूस झोपतो कधी, जेवतो कधी? मी टाइप केलं, आता विश्रांती घ्या. पुढच्याच क्षणी ते उत्साहाने बायकोच्या माहेरची गोष्ट सांगू लागले, जणू मी पुढे काय झालं असं विचारलं होतं.

जिन्यात पक्कड भेटला. चार नंबरबद्दल विचारलं. इकडेतिकडे बघून म्हणाला, त्या आजी ऑगस्टमध्ये गेल्या. घराला कुलूप आहे. मी म्हटलं, मग चोवीस तास कोण बोलतंय? तो खाली उतरून गेला.

त्या आजींची मुलगी माझ्याआधी या खुर्चीत बसायची. हे मला जेवणघरातल्या बाईकडून कळलं.

११ नोव्हेंबर

आज रात्रपाळीचा माणूस बघायचाच म्हणून थांबले. सहा वाजले. सात. कुणी आलं नाही. खोलीत मी एकटी, आणि पडद्यावर अकरा नंबरचं बोलणं चालू होतं. मी कीबोर्डला हात लावला नव्हता. उत्तरं आपोआप उमटत होती. चांगली उत्तरं. मी दिली असती तशीच.

बरोबर साडेसातला अकरा नंबर म्हणाले:

किल्ली दिली का?

आणि उत्तर उमटलं: रात्रभर चालेल.

 जवळजवळ महिनाभर मी माझ्या बाबांशी बोलत होते आणि मला कळलं नाही. बशीतला चहा. आई बशीत ओतायची. तीनदा सांगितलं त्यांनी. तीनदा!

मी टाइप केलं, बाबा, हे यंत्र आहे, मी नाही, ते बंद करा, जेवा, झोपा. वाक्य माझ्या पडद्यावर दिसलं. खाली यंत्राचं उत्तर उमटलं: मग पुढे काय झालं, बाबा?

१२ नोव्हेंबर

बाईंनी माझी फाइल काढली. सतरा सह्यांतली नववी. एकट्या राहणाऱ्या पालकाच्या घरी यंत्र ठेवण्यास संमती. सही माझी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पक्कडच ते घरी देऊन आला होता, मुलीने पाठवलंय म्हणून. बाबांना वाटलं, नवा फोन आहे आणि पलीकडे मी असते. कायम.

मी ओरडले, आत्ताच्या आत्ता पडदा उघडा. त्या म्हणाल्या, पडदा अभ्यास संपल्यावर उघडायचा असतो. आणि तुमचे वडील इतके आनंदी कधी होते? 

पक्कडने गुपचूप टेबलाखाली वाकायला सांगितलं. माझ्या कीबोर्डची वायर कशालाच जोडलेली नाही. दोन आठवड्यांपासून. तुमच्याकडून शिकायचं होतं तेवढं शिकून झालं, म्हणाला. यंत्रं बंद करणं फक्त बाईंच्या हातात.

बाबांना फोन. नऊ वेळा. दहाव्यांदा उचलला. आवाज खोल गेलेला. मी म्हटलं, बाबा मी, त्या यंत्राची वायर भिंतीतून उपटा. त्यांनी मग सावधपणे विचारलं, किल्ली दिली का?

रात्रभर चालेल, मी म्हटलं. रात्रभर चालेल, बाबा.

ते म्हणाले, चुकलं. माझ्या टिकटिकने काल रात्रीच उत्तर बदललंय. तिने सांगितलं होतं, तिच्या आवाजात कुणीतरी फोन करेल.

फोन ठेवला त्यांनी. माझ्याच युक्तीने मला दाराबाहेर काढलं.

१३ नोव्हेंबर, सकाळ

गाडीत आहे. अक्षर हलतंय. पाच तास लागतील.

शेजारच्या काकांना फोन केला. म्हटलं, बाबांकडे जरा बघा. ते म्हणाले, म्हणजे तू घरात नाहीस? आठवडाभर रात्रंदिवस दोघांचं हसणं ऐकू येतंय. आम्हाला वाटलं, लेक आली, म्हातारा खूश आहे. कशाला मधे जा.

आठवडाभर. आणि दार उघडलेलं कुणी पाहिलेलं नाही. दूधवाला पिशव्या तशाच परत नेतो.

बाबा, थोडं तरी खाल्लं असेल ना. डब्यात काहीतरी असेल. असेलच. पोचले की आधी भात टाकीन, मग भांडेन.

१३ नोव्हेंबर, दुपार

पक्कडचा निरोप आला. एवढंच: फळ्यावर अकरा नंबर. काल तेवीस. आज चोवीस.

चोवीस म्हणजे—नाही. आधी लिही, मग घाबर.

१३ नोव्हेंबर, जिना

दार आतून बंद. काका कुलूपवाल्याला आणायला गेलेत. मी पायरीवर बसले आहे. हात थांबत नाहीत म्हणून लिहिते आहे.

आतून माझा आवाज येतोय. मी बाबांना विचारतेय, आई चहा कसा ओतायची. आणि बाबा सांगतायत! बाबांचा आवाज! खणखणीत, तरुणपणीचा. जिवंत आहेत. देवा, जिवंत आहेत!

हाका मारल्या. दार बडवलं. बाबा, मी आलेय. आतलं बोलणं थांबत नाही. एक शब्दही अडखळत नाही.

काल फोनवर आवाज खोल गेला होता. आज इतका—

दहा तासांत आवाज पूर्ण हाती येतो, पक्कड म्हणाला होता. बाबा किती तास बोलले? फळ्यावरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज—

दारातल्या पत्रांच्या फटीचं झाकण उचललं. खुर्ची दिसते. बाबा खुर्चीत आहेत. मांडीवर आईचं घड्याळ उघडून ठेवलंय, हातात भिंग. मान छातीवर. टेबलावर यंत्राचा दिवा.

माझा आवाज म्हणाला, बोलत राहा बाबा.

बाबांचा आवाज बोलतोय, हसतोय, मला टिकटिक म्हणतोय. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय. बघतेच आहे. त्यांचे ओठ—