आरसा कोणाच्या हाती होता

फर्दापूर, १२ जानेवारी १९८८

प्रिय युसूफ,

मी, बन्सी आसाराम सपकाळ, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण चौथी पास, अजिंठा लेण्यांतील सेवानिवृत्त चौकीदार, पूर्ण शुद्धीत लिहितो. तुझी नोकरी गेली त्याला चौतीस वर्षे झाली. त्यानंतरचे हे माझे पहिलेच पत्र. तुला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुझी मुलगी अमिना वाचून दाखवील. तिने सावकाश वाचावे. अक्षर स्वच्छ आहे, अडखळण्याचे कारण नाही.

आपले काम तुला आठवत असेल. लेण्यांत तेव्हा वीज नव्हती. मी बाहेर उन्हात आरसा धरी, तू आत पांढरी चादर ताणून उभा राही. आरशातले ऊन चादरीवर, चादरीवरून भिंतीवरच्या चित्रावर. ऊन सरके तसा मी आरसा फिरवी. माझ्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, हे आजही लिहितो.

गेली दोन वर्षे मी शहरात मुलाकडे होतो. तेथे डोंगराच्या पायथ्याशी एक भन्ते राहतात, वयाने माझ्या धाकट्याएवढे. त्यांनी विचारले, तुम्ही कोण? मी नाव, वय, हुद्दा सांगितला. ते म्हणाले, “हे लोकांनी दिलेलं. हे सगळं ज्याला कळतं, तो कोण? बसून बघा.” मला राग आला. तरी बसलो. राग येतो, जातो. गर्व येतो, जातो. त्यांना धरून ठेवणारा शोधावा तर कोणी सापडत नाही. उजेड राजपुत्रावर पडतो तसाच भिक्षापात्रावर. जे माझ्यात पाहते तेच तुझ्यात पाहते, याविषयी मला आता शंका नाही.

त्या आनंदात मी भन्तेंना तुझी हकीकत सांगून म्हणालो, मीच जर नाही, तर पूर्वी खोटे बोलला तो कोण? ते म्हणाले, “आणि नोकरी कुणाची गेली, बाबा?”

तुझी नोकरी गेली त्या दिवशी लेण्यांत पाहुण्यांनी उजेडाची तारीफ केली. ती ऐकण्यासाठी मी आरसा दगडाला टेकवून आत आलो. आरसा घसरला, अंधार झाला, काय झाले ते पाहायला तू बाहेर धावलास. साहेब आले तेव्हा काचांपाशी तू उभा होतास आणि मी आत. जबाब मीच लिहिला, सुंदर अक्षरात: ‘आज आरसा युसूफच्या हाती होता.’ गावाने तुला आरसेफोड्या नाव ठेवले. तू कन्नडला निघून गेलास. तो जबाब असत्य आहे. आरसा माझ्या हाती होता.

येथपर्यंतचे पत्र मी काल स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात उभे राहून सर्वांना वाचून दाखविले. सरूबाई म्हणाली, “चार ओळींना चौतीस वर्षं लागली व्हय?” आज सकाळी पोरांनी मला आरसेफोड्या म्हणून हाक मारली. मी ओ दिली. यापुढे त्या नावावर तुझा हक्क नाही; ते माझे आहे. हे तुला कळावे म्हणून हे पत्र लिहिले.

तुझाच,
बन्सी

वाचतेवेळी समक्ष हजर: सरूबाई (माझी पत्नी), फकिरा (चहावाला) आणि कडूबा, ज्याने तुला ते नाव पहिल्यांदा ठेवले होते.