मुख्य भिंतीवरची पाठ

१ सप्टेंबर, सोमवार
आज आयुष्याला कलाटणी. पाणीपट्टीच्या खिडकीवर बसून इतकी वर्षं लोकांना तोंड दाखवलं. तोंड पाहून त्यांनी तक्रारीच केल्या. आज पहिल्यांदा कोणीतरी पाठ पाहिली.

झालं असं की एक बाई बिलावरून वाद घालत होत्या. माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी पाठ फिरवून कपाटात फाइल शोधू लागलो. (फाइल तिथे नसते. पण पाच मिनिटं शोधली की निम्मे लोक निघून जातात.) या गेल्या नाहीत. म्हणाल्या, जरा तसेच उभे राहता का? चित्रकलेच्या शाळेत शिकवतात. नव्या वर्गाला पाठीचे स्नायू शिकवायचेत, त्याला मॉडेल हवं. म्हणाल्या, अशी पाठ शोधून सापडत नाही, एकही स्नायू पुढे पुढे करत नाही.

याला समतोल म्हणतात. लगेच होकार दिला. त्यांचं बिल मात्र बरोबरच होतं.

बायकोला बातमी सांगितली. ती नुकतीच कामावरून येऊन पाय वर करून बसली होती. म्हणाली, जाताना धुतलेलं बनियन घालून जा.

४ सप्टेंबर
पहिली बैठक. उंच चौथरा, त्यावर स्टूल. स्टुलाच्या पायांभोवती खडूच्या खुणा, म्हणजे दर वेळी स्टूल तिथेच यावं. शर्ट आणि ते धुतलेलं बनियन, दोन्ही काढायला लावली. भिंतीकडे तोंड, वर्गाकडे पाठ.

भिंतीवर पाठीच्या स्नायूंचा मोठा रंगीत तक्ता आहे. म्हणजे एका अर्थी मी आरशासमोरच बसतो.

नियम: मॉडेलने वळून चित्रं पाहायची नाहीत. (नियम मीच केला. शिस्त असलेली बरी.)

८ सप्टेंबर
तक्ता पाठ होत आला. वर मानेपासून पतंगासारखा पसरलेला तो ट्रॅपिझियस. खाली सगळ्यात रुंद, लॅटिसिमस डॉर्साय. खांद्याचा फरा आणि कणा यांच्यामध्ये लपलेला ऱ्हॉम्बॉइड. आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढणारा इरेक्टर स्पायनी, जो माणसाला ताठ ठेवतो. इतकी माणसं माझ्या पाठीशी उभी होती आणि मला पत्ता नव्हता.

बाई मुलांना सांगत होत्या, इथे ट्रॅपिझियस आहे असं समजून चला. समजून चला ही त्यांची शिकवण्याची पद्धत दिसते. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, मॅडम, सापडत नाही. बाई म्हणाल्या, धीर धरा, असणारच.

मुलं नवीन आहेत. एवढं सगळं एकदम समोर आल्यावर गोंधळणारच.

१३ सप्टेंबर, शनिवार
मेव्हणा जेवायला. बायकोचा धाकटा भाऊ. जिममध्ये जातो आणि थंडीतसुद्धा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो. घरात चार माणसं जमली की याचा एकच विनोद: भाऊजींना पाठीची खुर्ची द्या रे, त्यांना कणा नाही. सगळे हसतात. लग्न झाल्यापासून ऐकतोय. आपणही हसायचं असतं, म्हणून मीही हसतो. पण लागतं.

आज शांतपणे सांगितलं की डिसेंबरमध्ये शाळेचं प्रदर्शन आहे आणि मुख्य भिंतीवर माझी पाठ लागणार आहे. तो म्हणाला, खरंच लागली तर तो विनोद पुन्हा आयुष्यात करणार नाही, ताईची शपथ.

(मुख्य भिंतीवर सत्रातलं सगळ्यात चांगलं एकच मोठं चित्र लावतात. कोणतं, ते बाई शेवटी ठरवतात. पण सगळेच माझी पाठ काढताहेत, म्हणजे वेगळं काय लागणार?)

१५ सप्टेंबर
पाठ चांगली आहेच. आणखी चांगली करायला हरकत नाही. उद्यापासून रोज सकाळी व्यायाम. दोन भरलेल्या बादल्या, दोन हातांत, गॅलरीत दहा फेऱ्या.

१६ सप्टेंबर
बादल्या भरल्या. उचलायच्या संध्याकाळी. पहिल्या दिवशी एकदम अंगावर घेऊ नये.

संध्याकाळी पाहतो तर बादल्या रिकाम्या. बायकोने दोन हातांत दोन धरून गॅलरीत नेल्या आणि कुंड्यांना पाणी घालून टाकलं. व्यायामाचं साहित्य असं परस्पर वापरू नये, हे तिला समजावून सांगितलं.

२५ सप्टेंबर
बसणं वाटतं तितकं सोपं नाही. तासभर हलायचं नाही. पाठ अवघडते. बायको रोज संध्याकाळी बाम चोळून देते. तिचा अंगठा बरोबर जागेवर जातो, पण तिला नाव माहीत नाही. मी सांगितलं, हा ऱ्हॉम्बॉइड. ती म्हणाली, बरं.

ती वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्या माणसांना खाटेवरून उचलायचं, खुर्चीत बसवायचं, परत खाटेवर ठेवायचं. तिला म्हटलं, तुझं बरं आहे, सतत हालचाल असते. स्थिर बसण्यात खरा कस. त्यावर तिने बामचं झाकण जरा जोरात लावलं.

९ ऑक्टोबर
व्यायाम आजपासून नक्की. मधले दिवस वातावरणामुळे गेले.

१३ ऑक्टोबर
बसल्याबसल्या स्नायू फुगवून पाहिले. पेन्सिलींचा आवाज थांबला. मग बाई जवळ येऊन म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? श्वास सोडा. आणि पाठ आहे तशीच राहू द्या. मुलांची चित्रं अर्धी झालीत. मध्येच बदलली तर मेहनत वाया जाईल.

म्हणजे बदल दिसला!

६ नोव्हेंबर
मेव्हण्याचा फोन. प्रदर्शनाला तो येतोयच, शिवाय जिममधल्या दोघांना घेऊन येतोय. मी म्हटलं, जरूर. फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर उरलेल्या बैठका मोजल्या. वर्गातली मुलं आजकाल जांभया देतात. पाठीला डोळे नसतात, पण कान मला आहेत. काहीतरी करायला हवं. शेवटच्या बैठकीत अशी पाठ दाखवायची की पेन्सिली थांबता कामा नयेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
शेवटची बैठक. सविस्तर लिहितो. झोपून लिहितोय, अक्षराकडे दुर्लक्ष.

सकाळी बादल्या उचलल्या. खरोखर. दोन फेऱ्या. संध्याकाळी स्टुलावर बसलो आणि संपूर्ण लॅटिसिमस डॉर्साय एका दमात रुंद केला. कट्कन आवाज झाला. उसण भरली. उठता येईना, वळताही येईना. बाईंनी हात लावला तर मी ओरडलो. मुलांनी हात लावला तर आणखी मोठ्याने ओरडलो. शेवटी बायकोचा नंबर विचारला.

बायको कामावरून तशीच आली, वृद्धाश्रमात घालते त्या पातळ कोटात. भिंतीच्या बाजूने उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून तिने मुलांकरवी स्टुलासकट मला वर्गाकडे फिरवलं. मग समोर उभी राहिली, बाह्या वर केल्या. म्हणाली, हात गळ्यात टाका, हनुवटी खांद्यावर ठेवा आणि कृपा करून मदत करू नका. आणि उचललं. मी चांगला वजनदार माणूस आहे. पाय सरळ होईनात, म्हणून तिने मला तसंच धरून ठेवलं. बराच वेळ.

आणि तेव्हा ते घडलं. तिच्या खांद्यावरून मला सबंध वर्ग पहिल्यांदा समोरून दिसला. एकही जांभई नाही. सगळ्यांच्या माना वर-खाली, वर-खाली, पेन्सिली सपासप. बाई हळूच म्हणाल्या, एक मिनिट, हलू नका, प्लीज.

ऐन उसणीत, वेदनेच्या शिखरावर, माझ्या पाठीने वर्ग जिंकला.

२८ नोव्हेंबर
रजा. पालथा पडून आहे. एक गोष्ट आता लक्षात आली की त्या वेळी माझी पाठ भिंतीकडे होती. पण तीन महिने बघून मुलांना ती तोंडपाठ झाली असणार. कलाकारांना एवढं पुरतं.

६ डिसेंबर
बाईंचा फोन. मुख्य भिंतीवरचं चित्र ठरलं. शेवटच्या बैठकीतलं आहे. आम्ही दोघांनी नक्की यायचं म्हणाल्या. दोघांनी! मेव्हण्याला कळवलं. त्याला म्हटलं, विनोद विसरायला लाग.

२० डिसेंबर, शनिवार
प्रदर्शनाला जाऊन आलो.

माझ्या पाठीची चित्रं आहेत. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, दोन्ही बाजूंना. वर पाटी: प्राथमिक अभ्यास. सगळ्या चित्रांत तीच पाठ, उशीसारखी. एकाने तर तक्त्यावरचे स्नायू बघून त्यात भरले होते. त्याला कमी मार्क पडले म्हणे.

मुख्य भिंतीवर एकच चित्र. कोळशाने काढलेलं, माझ्या उंचीचं. बायकोची पाठ. बाह्या वर केलेल्या, कोट पाठीला चिकटलेला आणि त्याखाली सगळंच्या सगळं: पतंगासारखा ट्रॅपिझियस, बाजूंना पसरलेला लॅटिसिमस, कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखा इरेक्टर स्पायनी. तक्त्यावर आहे तसं. काहीही समजून चालायला नको. खांद्यावर एक डोकं टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं. चित्राचं नाव ‘भार’.

संपूर्ण प्रदर्शनात चेहरा एवढा एकच. एका गृहस्थांनी मला लगेच ओळखलं. म्हणाले, पाणीपट्टीच्या खिडकीवरचे ना तुम्ही?

मेव्हण्याचे जिममधले दोघे चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहत होते. मेव्हणा लांबच उभा राहिला. बराच वेळ. मग नुसतं ‘ताई’ म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. माझ्याकडे पाहून हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, आणि इतका अभिमानही वाटला की तो कुठे ठेवावा कळेना, कारण तो माझा नव्हता.

बाईंनी तिला विचारलं, पुढच्या सत्राला मॉडेल म्हणून याल का? तिने विचारलं, काय करावं लागेल? बाई म्हणाल्या, काही नाही, तासभर बसायचं. नुसतं बसायचं? असं तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. आणि हो म्हणाली.

तटस्थपणे पाहता चित्रात मी आवश्यकच आहे. भार नसेल तर स्नायू दिसणार कसे?

घरी आल्यावर सवयीप्रमाणे शर्ट काढून बामची डबी पुढे केली. ती पलंगावर पालथी पडली आणि म्हणाली, आज तुम्ही. डाव्या फऱ्याच्या आत फार दिवसांपासून दुखतंय.

मी जागा शोधली. म्हटलं, हा ऱ्हॉम्बॉइड.

ती म्हणाली, नाव राहू द्या, जरा जोर लावा.