बापूजींचा दलिया आणि जिनचा काटा

हिंगणघाट, रविवार, २१ नोव्हेंबर १९५४

बापूजींचे उरलेले सात दात डॉक्टरांनी परवा काढले. कवळी नागपूरहून येणार, दोन महिने तरी. भाकर बंद. दवाखान्यात वजन केलं: एकशेसात पौंड, म्हणजे एक मण बारा शेर.

आई गेली तेव्हा शेवटचा महिना मी नागपुरात पेपर तपासत होतो. बापूजींच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. आहाराचं सगळं खातं माझ्याकडे घेतलं. अखंड गव्हाचा गरम दलिया, रोज तीनदा. मी बी.एस्सी. आहे, अवघड जाऊ नये.

सोमवार, २२ नोव्हेंबर

गहू भाजून जात्यावर भरडला. बायकोचे, रुख्मिणीचे, हात दुखतात म्हणून जातं मी ओढलं. अकरा फेरे. उरलेलं तिने.

दूध-गूळ घालून दलिया दिला. बापूजी म्हणाले, "वासरू हाय का मी?" दोन चमचे. सुरुवात म्हणून वाईट नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

दोष दलियाचा नाही, रुचीचा आहे. आज दुधातल्या दलियात संत्र्याचा रस घातला. दूध फाटलं. बी.एस्सी.ला हे आठवायला हवं होतं. बापूजींनी वाटी खिडकीत ठेवली. कावळा आला, बघून गेला.

रविवार, २८ नोव्हेंबर

दवाखाना स्टेशनपलीकडे आणि बापूजी टांग्यात बसत नाहीत. म्हणून वजन घरामागच्या कापसाच्या जिनमध्ये. तिथे बापूजींनी तीस वर्षं कापूस मोजला, आता त्याच काट्यावर डोमाजी आहे. हंगामात जिनला रविवार नसतो. बापूजी कापसाच्या पारड्यात मांडी घालून बसले. डोमाजीने वजनं चढवली, उतरवली, मोठ्याने सांगितलं: एक मण दहा.

दोन शेर कमी! एका आठवड्यात!

बापूजी रोज दुपारी जिनवर गप्पा मारायला जातात. चालण्याने झीज होते. बंद करावं का? पण तेवढाच त्यांचा विरंगुळा. तूर्त विचाराधीन.

बुधवार, १ डिसेंबर

दलियात तुरीची डाळ, हिंग, लसणाची फोडणी. वास शेजारपर्यंत गेला. बापूजींनी सात घास घेतले. समोर बसून वहीत टिपले. सातवा अर्धा होता. प्रामाणिकपणे साडेसहा.

रविवार, ५ डिसेंबर

एक मण नऊ.

शाळेत आठवीला गुरुत्वाकर्षण शिकवताना दोनदा नाक पुसावं लागलं. मुलांना सर्दी सांगितली. हे खोटं बोलणं झालं. नोंद करून ठेवतो.

बुधवार, ८ डिसेंबर

दलिया वाटीत दाबून ताटात उपडा केला, वर मनुके लावले. बापूजींनी विचारलं, "काऊन रे, याची पूजा करू का खाऊ?" रुख्मिणी पदरात तोंड घालून हसली. मला राग आला, नंतर रागाची लाज वाटली. घास: चार.

ती म्हणाली, "तुमी जरा बाहेर जा ना, मंग खातीन ते." मी गेलो नाही. बघणारं कुणी नको का?

रविवार, १२ डिसेंबर

एक मण सात. तीन आठवड्यांत पाच शेर. या हिशोबाने होळीपर्यंत बापूजी... पुढे गणित केलं नाही. केलं, पण इथे लिहीत नाही.

बापूजींचे गाल मात्र भरल्यासारखे दिसतात. सूज असेल.

मंगळवार, १४ डिसेंबर, दुपार

मधल्या सुट्टीत जिनवर गेलो. बापूजींना घरी आणून एकदा पाया पडून विनवायचं ठरवलं होतं.

बापूजी कापसाच्या गंजीला टेकून डोमाजीच्या डब्यातून जेवत होते. ज्वारीच्या कण्या, त्यावर ताक. हाताने, भुरकून. मला पाहून थांबले नाहीत.

डोमाजीला वजनाचं सांगितलं. तो म्हणाला, "वजन कुठं घटलं गुरुजी? बाराच्या बारा हायेत. दोन शेर बारदानाचा कडता, म्हंजे पोत्याची वजावट, तं पहिल्या दिवसापासून काटून राह्यलो." मग पुढचंही सांगितलं: ५ तारखेला बापूजी आंघोळ करून आले, माल ओला, म्हणून एक शेर जास्त काटला. १२ला दव होतं, ओलाव्याचे दोन. आणि एक कचऱ्याचा.

बापूजींमध्ये कचरा?

"हात आपोआप काटते गुरुजी. वीस वर्षं झाली."

बापूजींना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? ते म्हणाले, "मले वाटलं तुले समजत असन. तू तं शिकलेला हायस." मग घरी का जेवत नाही? त्यांनी बोटं चाटली. "तू समोर बसून घास लिहून राह्यला. मले वाटते, नापास करशील."

डोमाजीने डबा पुढे केला. सुट्टी संपली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वहीशिवाय बसलो. बापूजी म्हणाले, तूही घे. बावीस दिवसांत मी स्वतः दलिया चाखला नव्हता, हे त्या क्षणी लक्षात आलं. पहिला चमचा गेला. दुसरा तोंडात फिरत राहिला. बापूजी बराच वेळ बघत होते. मग आत ओरडले, "रुख्मिणी, याले भाकर दे वं. उपाशी मरन पोरगं."

मी बेचाळीस वर्षांचा आहे. भाकर खाल्ली.

बुधवार, १५ डिसेंबर

पूर्ण विचाराअंती निर्णय घेतला: दलिया स्थगित. बापूजींनी दुपारचं जेवण डोमाजीकडेच घ्यावं. माझी तशी परवानगी आहे, हे त्यांना सांगायला बाहेर आलो.

ते केव्हाच जिनवर निघून गेले होते.