डाव्या पायाचा पट

मु. पो. खर्डा, ता. जामखेड
१४ मे १९४३

गहिनीनाथा,

जैनुद्दीनचा सलाम घे. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझ्या आईचा, चांगुणामावशीचा, खोकला उतरला. माझ्या आईने तुला दुवा सांगितली आहे. पलटणीत पोटभर भाकरी मिळते की नुसतीच शिस्त, ते कळव.

आता माझी फजिती ऐक. जत्रेत माझी कुस्ती जामखेडच्या छगनशी लागली. तुला ठाऊकच आहे, एकदा खाली माती धरली की मला सहसा कोणी चीत करत नाही. पण समोरच्याला उभ्याने खाली आणायचं तर माझ्याकडे डाव एकच, पट. झेप घ्यायची, पाय उचलायचा, गडी आडवा. (पत्र तपासणाऱ्या साहेबांनी घाबरू नये, हा कुस्तीचा डाव आहे, लढाईचा नाही.) सलामी झाली, मी झेप घेतली, आणि जिथे डावा पाय असायला हवा तिथे काहीच नव्हतं. छगन उजवा पाय पुढे ठेवतो. मी थेट हलगीवाल्याच्या मांडीवर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा छगनने मला उचललं आणि आभाळ दाखवलं.

घरी येऊन विचार केला. लहानपणी किल्ल्याच्या तटावरून पडल्यापासून तू उजवा गुडघा मागे ठेवतोस (भरतीच्या डॉक्टरला हे दिसलं कसं नाही?), म्हणजे डावा पाय कायम पुढे. सात वर्षं मी रोज तुझाच पट काढला. माझ्या हातांना जगात तेवढा एकच पाय ठाऊक. मग उजव्याचा सराव सुरू केला, आधी तालमीच्या खांबावर, नंतर आमच्या गोऱ्ह्यावर. खांबाने कपाळ फोडलं. गोऱ्हा चौथ्या दिवसापासून मला पाहताच खाली बसतो. तालमीत जोड नाही. निम्मे गडी तुझ्यासारखेच पलटणीत. मी माती खणतो, ताक-तेल घालतो, आणि तुझ्या बाजूची माती न तुडवता तशीच राहते. फार आठवण येते रे तुझी.

तुझा
जैनुद्दीन

ता. क. हे लिहिणार नव्हतो. हरल्यावर आसाराम वस्ताद माझ्या पाठीची माती झाडत म्हणाले, "तुला पट येत न्हाई गड्या. गहिनीनाथ तुला पाय देत हुता." देत होतास? सात वर्षं?

आणखी एक. याचं उत्तर लिहू नकोस, समोर येऊन सांग. दिला असशील, तर आणखी एकदा दे. तोवर डावा पाय जप. उजवाही आणच, चांगुणामावशी दोन्ही मोजून घेणार आहे.