अचलची तलवार

आई, तुझी नात पंधरा वर्षांची झाली. आम्ही अजून जर्मनीत, र्युसेल्सहाइमलाच आहोत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिच्या खोलीच्या भिंतीवर तिने काढलेल्या जपानी ॲनिमेतल्या तलवारीच तलवारी आहेत. एक ज्वाळांमध्ये उभी, एकीला ड्रॅगनने विळखा घातलेला. "अगं, दुसरं काही काढत जा की," असं मी एकदा म्हणालो, तर "पापा, तुला नाही कळणार," म्हणून तिने दार लावून घेतलं. बुद्धपौर्णिमेला आम्ही इथले मराठी बौद्ध सगळे फ्रांकफुर्टला जमतो, तिथे यायलाही यंदा तिने नकार दिला. "त्याचा माझ्याशी काय संबंध?" असं तिने शांतपणे विचारलं. ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. कितीतरी दिवस आम्ही दोघं जेवणापुरतंच बोलत होतो.

मग शाळेत तिला एक रेफराट आला, वर्गासमोर अर्धा तास बोलायचं. तिने ॲनिमेतल्या तलवारींमागचा इतिहास हा विषय घेतला. जपानी तलवारी ज्या संग्रहालयात आहेत तिथे रविवारी बस नव्हती, म्हणून मी गाडी काढली. वाटेत ती आपणहून बोलायला लागली. एका देवाने आठ डोक्यांचा साप मारला आणि त्याच्या शेपटीत तलवार सापडली, अशी जुनी जपानी कथा आहे म्हणे. काही अभ्यासकांच्या मते तो साप म्हणजे पूर येणारी नदी, आणि तलवार म्हणजे तिच्या वाळूतलं लोखंड. मी जन्मभर पोलादाशी खेळलेला माणूस, ऐकतच राहिलो. "म्हणजे साप नदीच?" मी विचारलं. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली, "ॲनिमेत साप पाण्यातून का येतो, कळलं ना?"

काचेच्या पेटीत एक पातं होतं. त्यावर तिच्या भिंतीवरचाच ड्रॅगन कोरलेला, आणि वर एक अक्षर. ती काचेला नाक लावून उभी. "पापा, हे तुम्हा लोकांचं आहे का? मराठीसारखं दिसतंय." बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, संस्कृत बीजाक्षर, ज्या बौद्ध देवतेचं ते, तिचं भारतातलं नाव अचल. "अचल," ती म्हणाली. 'च' अगदी स्वच्छ. मी अर्थ सांगितला, न हलणारा. "मग त्याला तलवार कशाला?"

आणि मी एकदम लहान होऊन वेरूळच्या तीन ताल लेण्यात उभा आहे. आपल्या शाळेची सहल, तू आमची इतिहासाची बाई. शाळेत तुला आई म्हणायची सोय नाही. मी पट्टीची तलवार करून मित्रावर धावतोय, आणि तू माझा कान धरून मला एका बोधिसत्त्वासमोर उभं करतेस. त्याच्या हातात खड्ग. "बाई, बुद्धाच्या लेण्यात तलवार?" मी रडवेला होऊन विचारतो. कान सोडून तू म्हणतेस, "ही माणसं मारायला नाही रे. माणसाच्या डोक्यातला अंधार कापायला आहे. आधी तुझ्यापासून सुरुवात करू या."

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती इतकी हसली की रखवालदाराने वळून पाहिलं. मग बाकावर बसून तिने विचारलं, "आजी अजून काय काय बोलायची?" परतीच्या वाटेवर बोलण्याचं काम माझ्याकडे होतं.

रेफराट छान झाला. फळ्यावर तिने 'अचल' देवनागरीत लिहिलं. 'ल' उलटा निघाला, पण तिच्या वर्गात ते कोणाला कळणार? आता रविवारी जेवणानंतर ती पाच-पाच अक्षरं शिकते. डिसेंबरची विमानाची तिकिटं काढली आहेत. वेरूळला जायचं तिनेच ठरवलं.

तू गेल्यापासून हे पाठवायला पत्ताच नाही, तरी लिहून बरं वाटलं. आणि एक, हसू नकोस. ती शाळेत असताना मी तिची ती तलवारींची ॲनिमे मालिका एकटाच बघतो. त्यात एक म्हातारी तलवार घडवणारी आहे, शिष्याला कान धरून शिकवते. परवाच्या भागात ती म्हातारी गेली. मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. पोरीला अजून सांगितलेलं नाही.