राजुरीचा इटलीवाला

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी, चैत्र, १९९८

रा. रा. सावळारामभाऊ यांस गेणूचा रामराम. इकडे सारे खुशाल. तुमच्या बहिणीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तुमची पिंपळवंडीची आडत आणि खोकला कसा आहे? (आडत वाढो, खोकला उतरो.) दिवाळीत तुम्ही चारचौघांत म्हणालात, "पेटी वाजवून संसार व्हत न्हाई, दाजी." त्याचा मला अजिबात राग नाही. चैत्र आला तरी तेच आठवतंय, एवढंच.

तर तुमचा भाचा गोरख. पुण्याच्या एका संगीतशाळेने त्याला परत पाठवलं. वय जास्त आणि पेटीवर बोटं वाकडी पडतात म्हणे. पोरगं नीट जेवेना. तेवढ्यात रेडिओवर इटलीतल्या एका नामांकित ऑपेराकाराची गोष्ट लागली. (ऑपेरा म्हणजे त्यांच्याकडचा वगच, सोंगाड्या तेवढा कमी.) खेड्यातल्या खानावळवाल्याचा मुलगा. त्यालाही शहरातल्या शाळेने नाकारलं, तेही वय जास्त आणि बोटं वाकडी म्हणूनच! पुढे अख्खा देश त्याची गाणी गायला. भाऊ, मी रेडिओला हात जोडले. त्याचं नाव काही माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी गोरखलाच 'इटलीवाला' म्हणायला लागलो.

यंदा जत्रेतल्या वगाचं संगीत गोरखनं केलं. इटलीत म्हणे आधी नुसती वाद्यंच वाजतात, गाणं मागून. हे त्याच्या डोक्यात मीच भरवलं. मग काय, ढोलकी, पेटी, तुणतुणं सुरू झालं ते थांबेचना. लोकांना वाटलं, अजून वाद्यं जुळवताहेत. "आरं, जुळलं का न्हाई? लई येळ झाला राव!" शेवटी टोमॅटो आले. (बाजार पडलेला, त्यामुळे कुणी हात आखडला नाही.) एवढ्यात बायकांतून एक खणखणीत आवाज आला, "आधी गण म्हणा!" गोरखनं मान वर केली, हसला आणि त्याच सुरात गणपतीचा गण उचलला. टोमॅटो थांबले. पुढे वग असा रंगला, की दुसऱ्या दिवशी कांदे काढणाऱ्या बाया त्यातलंच गाणं म्हणत होत्या. बांधावर उभा राहून मी रडलो, लपवत नाही. माझ्या पोराचं गाणं होतं ते.

आपला,
गेणू

ता. क. इटलीतल्या त्या ऑपेराकाराला शेजारच्या गावातल्या एका व्यापाऱ्याने हात दिला, घरी ठेवून घेतलं आणि शेवटी आपली मुलगीही दिली. सहज आठवलं. तुमच्या मंगलचं कुठे ठरलंय का?

आणखी एक. "आधी गण म्हणा" ओरडली ती मंगलच. जत्रेला आत्याकडे आली होती ना. माझं ऐकलं तेव्हा गोरखनं टोमॅटो खाल्ले, तिचं ऐकलं तेव्हा जत्रा जिंकली. इथून पुढे कुणाचं ऐकायचं, ते त्याला कळलंय. तुम्हालाही कळावं.